दारची स्ट्रॉबेरी

स्मरणिकेच्या पानांवर पूर्वजांचे स्मरण, सणांचे माहात्म्य आणि मातृभाषेची चिंता हे विषय शोभतात, असा आपला नित्याचा समज आहे. आणि तो गैर नाही. अशा पंगतीत स्ट्रॉबेरीसारख्या नाजूक, काहीशा चैनीच्या समजल्या जाणाऱ्या फळाने पाट मांडून बसावे, याचे कोणास नवल वाटल्यास ते स्वाभाविकच होय. परंतु एखादा समाज आपल्या दारच्या मातीकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न केवळ बागाईतीचा नसतो. तो संस्कृतीचाही असतो. मॉरिशसमधील आपल्या प्रत्येक मराठी घराने दारात, ओसरीवर अथवा गच्चीत स्ट्रॉबेरीची निदान एक कुंडी लावावी, तिची जोपासना घरातील वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांच्या हाती सोपवावी, आणि हे काम छंद म्हणून नव्हे तर घरचा एक संस्कार म्हणून करावे, अशी माझी सूचना आहे. ती का करावीशी वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, स्ट्रॉबेरी हे साहेबांचे फळ. आपण आंबा लावावा, शेवगा लावावा, अळू लावावे, वृंदावनात तुळस लावावी; परक्या फळाचे कौतुक आपणांस कशाला? हा आक्षेप मांडणाऱ्यांनी या फळाचा जन्मवृत्तान्त एकदा अवश्य ऐकावा. आज बाजारात जी टपोरी स्ट्रॉबेरी मिळते, तिचे मातापिता दोघेही युरोपाचे नव्हेत. एक पूर्वज उत्तर अमेरिकेतील, लहान परंतु सुवासिक फळाचा. दुसरा दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचा, मोठ्या फळाचा. आमेदे फ्रांस्वा फ्रेझिये नावाचा एक फ्रेंच अभियंता १७१२ साली स्पॅनिश तटबंदीची टेहळणी करण्यास दक्षिण अमेरिकेत गेला आणि १७१४ साली परतताना चिलीतील स्ट्रॉबेरीची रोपे जहाजातून घेऊन आला. त्या सहा महिन्यांच्या सागरप्रवासात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई होती. तरीही पाच रोपे जगली. मात्र फ्रान्सच्या भूमीत ती रुजूनही फळेनात. कारण मोठ्या फळांच्या आशेने निवडलेली ती सारी रोपे केवळ मादी फुलांची होती. पुढे ब्रिटनी प्रांतातील बागाइतदारांनी त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेची रोपे लावली, तेव्हा फळे लागली. आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मास आली. विशीही न गाठलेल्या आंत्वान निकोला दुशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली या संकराचे रहस्य उलगडून सांगितले.

म्हणजे दोन भिन्न खंडांतून, समुद्र ओलांडून, स्वतःच्या इच्छेवाचून आणलेली दोन झाडे तिसऱ्याच भूमीत शेजारी शेजारी लागली आणि त्यांतून एक नवे फळ निपजले. वाचकहो, असे फळ परके म्हणण्याचा अधिकार सर्वांना असेल; पण आपणांस तो कितपत पोहोचतो? या बेटावर मूळचे म्हणावे असे शेतात फारसे काही नाहीच. ज्या उसाने या देशाचा सारा इतिहास घडविला, तो ऊससुद्धा डचांनी १६३९ साली जावाहून आणलेला. आपल्या अंगणातील तुळस आली ती आपल्याच माणसांबरोबर. इथे प्रत्येक वस्तू कोणीतरी गलबतातून उतरवून घेतलेली आहे, आणि आपण स्वतःही त्याला अपवाद नाही.

महाराष्ट्राच्या नात्यानेही स्ट्रॉबेरी आपणांस परकी नव्हे. आपले पूर्वज ज्या रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या मुलुखांतून आले, त्यांपैकी सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर व पाचगणीचे पठार आहे. इंग्रजांच्या अमदानीत तेथे आलेले हे फळ तेथील शेतकऱ्याने इतके आपलेसे केले, की आज भारतात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा बहुतांश भाग त्या एका टापूतून येतो. आणि २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाचगणीजवळचे भिलार हे गाव तर स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी प्रसिद्ध. त्याच गावाला महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' हे रूप दिले. तेथे शेतकऱ्यांच्या घराघरांत मराठी ग्रंथ मांडलेले असतात आणि वाचक वाफ्यांमधून वाट काढीत त्या घरांत जातो. हातात खुरपे असणे आणि घरात पुस्तक असणे यांत मुळीच विरोध नाही, हे त्या गावाकडे पाहून कळते. आपल्याकडे हा विरोध आहे असे आपण धरून चाललो आहोत. त्याविषयी पुढे बोलू.

याहूनही एक जुने नाते आहे. सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसचा काळा कातळ हे दोन्ही ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेले. इतकेच नव्हे, तर भूशास्त्रज्ञांच्या मते ते पृथ्वीच्या पोटातील एकाच तप्त स्थानाचे कार्य आहे. आज रियुनियन बेटाखाली असलेल्या त्या स्थानाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडविले. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. आणि त्याच अग्नीने सुमारे ऐंशी ते नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आणले. आपले पूर्वज पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या तांबूस मातीत त्यांनी कुदळ घातली, ती त्यांच्या गावच्या मातीची दूरची बहीणच होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर या बेटावर उतरले आणि त्यानंतरच्या पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख माणसे त्याच वाटेने आली. पाच वर्षांचा करार, आरंभीच्या काळात पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी आणि तांदूळ, डाळ, मीठ यांचा शिधा, एवढ्यावर त्यांनी या भूमीतील दगड वेचले, गोळा केलेल्या दगडांचे ढीग रचले आणि ऊस उभा केला. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. जी माती त्यांनी घामाने भिजविली ती त्यांची नव्हती, जे पीक त्यांनी कापले ते त्यांचे नव्हते, आणि केव्हा पेरावे, केव्हा थांबावे, हे ठरविण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. मातीशी आपले या देशातील पहिले नाते जुळले ते असे सक्तीचे.

परंतु त्याच काळात दुसरेही एक नाते जुळत होते, आणि त्याचा उल्लेख आपल्या भाषणांत क्वचितच होतो. मळ्यावरच्या झोपडीच्या पाठीमागे हातभर जागा मिळताच त्या माणसांनी भोपळ्याचा वेल चढविला, मिरची लावली, अळू लावले, कोथिंबीर पेरली. तिथे मुकादमाची हाक नव्हती. ते पीक त्यांचे होते. त्यातील पहिले फळ देवापुढे ठेवावे की लेकराच्या हाती द्यावे, हे ठरविणारे ते स्वतः होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मळ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले, तेव्हा पै पै साठवून जमीन घेणारे जे हिंदी लोक पुढे आले, त्यांचे शिक्षण या झोपडीमागच्या हातभर जागेतच झाले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मातीत राबणे गुलामीचेही असू शकते आणि स्वातंत्र्याचेही. फरक मातीत नसतो, हुकूम कोणाचा यात असतो.

पुढच्या पिढ्यांनी मुलांना शाळेत घातले. "शिकला नाहीस तर कोयता धरावा लागेल," हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले गेले नसेल? ते उच्चारणाऱ्या माउलीला दोष देण्याचे पाप कोणी करू नये. कोयत्याने जिच्या तळहाताला घट्टे पाडले होते, तिला ते म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. तिच्या त्या वाक्यामुळेच आज आपल्यांत शिक्षक आहेत, वैद्य आहेत, वकील आहेत, कचेऱ्यांतून मानाच्या जागा भूषविणारे स्त्री-पुरुष आहेत. मात्र त्या वाक्याचा एक अर्थ तिच्या मनात होता आणि दुसराच आपण उचलला. सक्तीच्या श्रमातून सुटका व्हावी, असे तिला म्हणायचे होते. मातीला हात लावणे हेच कमीपणाचे, असे आपण समजून चाललो. परिणाम डोळ्यांपुढे आहे. आजोबांनी घेतलेल्या जागेवर घर मोठे झाले, ही आनंदाची गोष्ट. पण उरलेल्या अंगणावर सिमेंट पसरले, आणि जिथे मिरचीचे झाड होते तिथे मोटार उभी राहिली. घरातील मुलाला चाकवत आणि चवळी यांतला भेद सांगता येत नाही, आणि नखात माती गेलेल्या माणसाकडे तो किंचित अवघडून पाहतो. हे अवघडलेपण मला भयावह वाटते. कारण ज्यांच्या नखांतील मातीवर आपण उभे आहोत, त्यांच्याविषयीच ते नकळत बोलत असते.

आणि ते केवळ मृतांविषयी बोलत नाही. आज या देशाच्या कारखान्यांतून, बांधकामांवर आणि शेतांतून बांगलादेश, मादागास्कर, नेपाळ आणि खुद्द भारतातून करारावर आलेले मजूर राबत आहेत. त्यांचा करार आपल्या पूर्वजांच्या करारासारखा आहे असे मी म्हणत नाही. पण घर दूर ठेवून परमुलुखात राबणाऱ्याच्या मनाची अवस्था काही बदललेली नाही. २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर फुले वाहणाऱ्या समाजाने ३ नोव्हेंबरला रस्त्यावरच्या मजुराकडे कसे पाहावे, याचे शिक्षण व्याख्यानांतून होत नाही. स्वतःच्या हाताने चार महिने एक रोप जगवून पाहिले म्हणजे राबणाऱ्या हातांविषयीचा आदर आपोआप उपजतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणेल, कुंडी, खत, रोप यांचा खर्च पाहता बाजारातून डबाभर फळे आणणे स्वस्त पडते. यात तथ्य आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. एका रोपाला चांगल्या निगराणीने हंगामात पाव ते अर्धा किलो फळ मिळाले तर फार झाले. नवशिक्याला त्याहूनही कमी मिळेल. घरखर्च वाचविण्यासाठी कोणी स्ट्रॉबेरी लावू नये. तथापि बाजारात मिळत नाही अशी एक वस्तू या कुंडीत मिळते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडताना तिच्यात जेवढी गोडी असेल तेवढीच राहते. दूर पाठवायचे फळ टिकावे म्हणून ते पूर्ण पिकण्याआधीच तोडावे लागते. म्हणून डब्यातील फळ लाल दिसते आणि आंबट लागते. देठापर्यंत लाल झालेले, उन्हाने कोमट असलेले फळ झाडावरून तोडून तोंडात घालण्याचा अनुभव विकत घेता येत नाही. शिवाय हे फळ सालीसकट खाल्ले जाते. त्यावर काय फवारले आहे, हे आपल्या कुंडीपुरते तरी आपणांस ठाऊक असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा देश आपल्या अन्नाचा फार मोठा भाग परदेशातून आणतो. मार्च २०२० च्या अखेरीस साथीमुळे काही दिवस सगळी दुकानेच बंद राहिली, आणि एप्रिलच्या आरंभी ती उघडली तेव्हा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खरेदीचे वार वाटून देण्यात आले. त्या दिवसांत ज्यांच्या परसात चार वांगी आणि दोन भोपळे होते, त्यांना त्यांचे मोल कळले. असे असता मुलांना वांगी, भेंडी, बटाटा लावायला शिकवावे, की स्ट्रॉबेरी? प्रश्न योग्य आहे. स्ट्रॉबेरीने कोणाचे पोट भरणार नाही, आणि देशाची आयात तिच्यामुळे छटाकभरही घटणार नाही. पण बालकाचे मन आपण ओळखले पाहिजे. वांगे केव्हा लागेल म्हणून रोज सकाळी धावत जाऊन पाहणारे मूल विरळाच; स्ट्रॉबेरीच्या पांढऱ्या फुलाचे हिरवे बोंड आणि हिरव्या बोंडाचे लाल फळ होताना पाहण्यास ते अंथरुणातून उठून धावेल. पहिली कुंडी स्ट्रॉबेरीची लागली म्हणजे दुसरी मेथीची आणि तिसरी मिरचीची लावण्यास वेळ लागत नाही. गोडाने सुरुवात करावी, ही आपल्या पानात वाढण्याची जुनीच रीत आहे.

आता लागवडीविषयी थोडे, कारण कृतीवाचून उपदेश व्यर्थ होय. आपला हिवाळा मे ते ऑक्टोबर असा. म्हणून रोपे एप्रिल-मे मध्ये लावावीत. वीतभर खोल आणि तितक्याच रुंद कुंडीत एक रोप पुरे. तळाला पाणी निचरण्यास छिद्रे हवीत. माती भुसभुशीत, किंचित आम्ल आणि शेणखत किंवा कुजलेला पाला मिसळलेली असावी. जमिनीत लावायचे झाल्यास ज्या वाफ्यात नुकतेच टोमॅटो, वांगी किंवा बटाटे होऊन गेले असतील तो टाळावा. त्या पिकांचे मूळकुजीचे रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट रोपाच्या गाभ्याची. मुळे आणि पाने जिथे जुळतात तो जाड भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला तर कुजतो, आणि मुळे उघडी पडली तर रोप सुकते. स्ट्रॉबेरीची मुळे वरवरची असल्यामुळे ओल सतत हवी, पण चिखल नको. पाणी सकाळी, बुंध्याशी घालावे. पानांवर संध्याकाळचे पाणी राहिले तर बुरशी धरते.

फळ मातीला टेकू नये म्हणून रोपाखाली पेंढा घालण्याची युरोपात चाल आहे. आपल्याकडे पेंढ्याचे काय काम? उसाचे वाळलेले पाचट या देशात जागोजागी आहे, तेच पसरावे. जे पाचट सोलताना आपल्या आजोबांच्या दंडांवर ओरखडे उठत, ते नातवाच्या फळाखाली अंथरूण म्हणून यावे, यात मला मोठे समाधान वाटते. लावणीनंतर पहिली काही फुले खुडून टाकावीत, म्हणजे रोप आधी आपले बळ बांधते. उन्हाचे सहा तास तरी मिळावेत. क्युरपीप, वाक्वा यांसारख्या उंच, थंड भागांत हे पीक अधिक साधते. समुद्रकाठच्या उष्ण गावांत फळ कमी आणि लहान येते, तिथे दुपारची सावली द्यावी आणि अपेक्षा बेताची ठेवावी. शत्रू दोन: रात्री येणारी गोगलगाय, आणि आपल्या दाराशी गोड गाणारा, डोक्यावर तुरा असलेला बुलबुल. पहिलीला सायंकाळी कंदील घेऊन वेचावे. दुसऱ्यासाठी जाळी टाकावी. चक्रीवादळाची सूचना येताच कुंड्या आत घ्याव्यात. कुंडीत लावण्याचा हाही एक लाभ.

परदेशप्रवासातून पिशवीत रोप लपवून आणण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. चिनी पेरू म्हणून आपण आवडीने खातो ते आंबटगोड लाल फळ एकेकाळी असेच बाहेरून आले. आज त्याच्या जाळीने या बेटाची मूळची अरण्ये गिळली आहेत. रोपे येथील परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. स्ट्रॉबेरी अरण्यात घुसणारी नव्हे; तरी तिच्या मातीबरोबर येणारा रोग घुसखोर असू शकतो.

मुलांना शिकविण्यासारखे या रोपात फार आहे. फळावर बाहेरून दिसणारे पिवळसर दाणे हीच खरी शास्त्रीय फळे, आणि आपण जे खातो तो फुलाचा फुगलेला देठ होय, हे ऐकून कोणते मूल चकित होणार नाही? आणि भाषेच्या दृष्टीने तर ही कुंडी म्हणजे एक लहानशी पाठशाळाच आहे. आपल्या शाळांतून मराठी शिकविली जाते, शिक्षक कळकळीने शिकवितात, मुले परीक्षेत गुणही मिळवितात. तरी घरी परतताच तोंडी क्रेओल येते. यात क्रेओलचा अपराध नाही. ती या बेटाच्या रोजच्या कामाची भाषा आहे, म्हणून जगते. आणि मराठीला आपण काम दिले नाही, म्हणून ती केवळ आरतीपुरती उरते. रोप, आळे, वाफा, ओल, फुटवा, खुरपे, पाचट, निंदणे, शिंपणे, खुडणे हे शब्द पुस्तकातून पाठ करून येत नाहीत. ते हातातून जिभेवर येतात. ज्या आजीला हे शब्द येतात ती आज घराच्या कोपऱ्यात दूरदर्शनापुढे मूक बसलेली आहे, कारण तिच्या ज्ञानाची घरात कोणाला गरज उरली नाही. तिला अंगणात आणा. नातवाने तिला विचारावे, "आजी, पाणी आज घालू का?" आणि तिने मातीत बोट खुपसून सांगावे, "अजून ओल आहे, उद्या घाल." एवढ्या दोन वाक्यांत जी मराठी जगते, ती दहा ठरावांत जगणार नाही.

स्ट्रॉबेरीची वंशवृद्धी मुख्यतः धुमाऱ्यांनी होते. आईरोपातून एक लांब तंतू निघतो, तो हातभर अंतरावर मातीला टेकतो, आणि तिथे नवे रोप धरते. त्याला स्वतःची मुळे फुटेपर्यंत त्या तंतूतून आई त्याला पोसते. जाणता माळी तो तंतू मुळे धरल्यावरच कापतो. आधी कापला तर पिल्लू मरते. आईरोप दोन-तीन वर्षांत थकते; पुढचा हंगाम त्या नव्या रोपांचाच असतो. याहून अधिक काही मी सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या समाजातील शेवटची मराठी बोलणारी पिढी थकत आली आहे, त्याने हे रोप पाहावे आणि आपल्या मुलांना मुळे फुटली आहेत की नाहीत, याचा आपल्या मनाशी निवाडा करावा.

या सूचनेला प्रत्यक्ष रूप देणे अवघड नाही, आणि त्यासाठी मोठा निधीही नको. गुढीपाडव्याच्या उत्सवात प्रत्येक मंडळाने आपल्या बालकांना प्रसादाबरोबर एकेक रोप द्यावे. ज्या घरी धुमारे फुटतील त्यांनी ते पुढील वर्षी दुसऱ्या घरी द्यावेत. म्हणजे दोन-तीन वर्षांत विकत घेण्याचे कारणही उरणार नाही, आणि वाक्व्याचे रोप ब्लॅक रिव्हरच्या घरी नांदावयास गेल्याने दोन कुटुंबांची ओळख वाढेल ती निराळीच. स्पर्धा ठेवायची झाल्यास सर्वांत मोठ्या फळाची ठेवू नये. सर्वांत जास्त रोपे दुसऱ्यांना देणाऱ्या मुलाचा गौरव करावा.

आपल्या पंचांगाचे आणि या बेटाच्या ऋतूचे एक सुंदर जुळणे आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीची लावणी पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. भाद्रपदात गणपती येतात तेव्हा तेथे पाऊस कोसळत असतो आणि वाफ्यात फळाचे नाव नसते. आपल्याकडे ऋतू उलटे. पाडव्यानंतर लावलेल्या रोपांना श्रावणात बहर येतो आणि भाद्रपद चतुर्थीला फळे लाल होतात. ज्या मुलुखातून आपण गणपती आणला, तेथील घरांना चतुर्थीस दारची ताजी स्ट्रॉबेरी वाहणे साधत नाही. आपणांस ते साधू शकते. पूर्वजांकडून मिळालेले सांभाळणे हा आपला धर्म आहेच. पण या भूमीने दिलेले त्यात मिळविणे हाही आहे. मोदकाच्या ताटात, दूर्वांच्या जुडीशेजारी, घरच्या मुलाने स्वतःच्या हाताने वाढविलेली पाच लाल फळे ठेवावीत. कोणाच्या हुकमावाचून, कोणाच्या हिशेबवहीत नोंद न होता, आपल्या इच्छेने आपल्या मातीत पिकविलेली ती फळे असतील. आणि साडेचार लाख माणसे ज्या दिवसाची वाट पाहत राबली, तो दिवस याहून फारसा निराळा नसावा, अशी माझी नम्र समजूत आहे.